वीस मिनिटांचा उल्कावर्षाव आणि बेगमपेटची नोंद

लिओनिड्सचा उल्कावर्षाव झाला की उल्का बघणारी मंडळी आवरायला लागतात. सतरा-अठरा नोव्हेंबरला जागून झालेलं असतं, ऑफिसात डोळे चुरचुरत असतात, सतरंज्या वाळत पडलेल्या असतात आणि पुढचं जागरण म्हणजे डायरेक्ट डिसेंबरातले जेमिनिड्स. मधल्या एकवीस-बावीस तारखेकडे कोणी ढुंकून बघत नाही. मला ज्या प्रकरणाबद्दल लिहायचंय ते नेमकं याच दोन तारखांमधलं आहे. गंमत अशी की अल्फा मोनोसेरोटिड्स हा एक अख्खा उल्कावर्षाव, ज्याचं नाव आज जगभरच्या याद्यांमध्ये आहे, तो सिद्ध व्हायला सत्तर वर्षं लागली आणि त्या सत्तर वर्षांत त्याने प्रत्यक्ष दर्शन दिलं ते सगळं मिळून काही तासांचंसुद्धा नाही.

सुरुवात १९२५. अमेरिकेत व्हर्जिनियात क्रोझे नावाचं छोटं गाव आहे, तिथे ब्रॅडली नावाच्या निरीक्षकाला २० नोव्हेंबरच्या रात्री १३ मिनिटांत ३७ उल्का दिसल्या. आता काळोख्या गावातून एरवी, म्हणजे कुठलाही वर्षाव नसताना, तासाला पाच ते दहा उल्का दिसतात. इथे तेरा मिनिटांत सदतीस, म्हणजे ताशी १७० च्या हिशोबाने. काहीतरी झालं होतं यात शंकाच नाही. पण काय झालं आणि कुठून आलं हे एका माणसाच्या तेरा मिनिटांवरून कसं सांगणार?

मग दहा वर्षांनी, १९३५ मध्ये, २१-२२ नोव्हेंबरच्या रात्री आपल्याकडे हैदराबादला बेगमपेटहून प्रा. मोहम्मद अब्दुर रहमान खान यांनी साधारण वीस मिनिटांत शंभराच्या वर उल्का मोजल्या. खान हे हैदराबादेत शिकवणारे, उल्का आणि अशनी (आकाशातून जमिनीवर पडलेले दगड) या विषयाचं मनापासून वेड असलेले. त्या काळात आपल्याकडे हे करणारी माणसं किती असतील याचा विचार करा, म्हणजे त्या नोंदीची किंमत कळते. तेव्हा हैदराबाद संस्थानात आपला अख्खा मराठवाडा होता. औरंगाबाद, नांदेड, लातूरकडे नोव्हेंबरात रब्बीची ज्वारी शेतात उभी असते, रात्री राखणीला माणसं असतातच, आकाश एकच, त्यामुळे त्या रात्री कितीतरी जणांनी मान वर करून ते पाहिलं असेल असं मला राहून राहून वाटतं. पण घड्याळ बघून कागदावर उतरवलं खानांनी, त्यामुळे पुढच्या हिशोबात धरायला आपल्याकडची नोंद राहिली ती बेगमपेटची.

इथे थोडं थांबून रेडियंट म्हणजे काय आणि तो ठरवणं इतकं अवघड का ते सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण त्याच्यावर उभं आहे. वर्षावातल्या उल्का एकमेकींना समांतर येत असतात, पण आपल्याला त्या आकाशातल्या एका ठिकाणाहून फाकल्यासारख्या दिसतात, जसे सरळ रस्त्यावर उभं राहिलं की दोन्ही कडा लांब एका बिंदूत मिळाल्यासारख्या वाटतात. तो बिंदू म्हणजे रेडियंट, मराठीत उगमबिंदू म्हणा. करायचं असं की उल्का दिसली की लगेच हातातली दोरी ताणून तिच्या वाटेवर धरायची, कोणत्या ताऱ्याजवळून निघाली, कोणत्या दोघांच्या मधून गेली, कुठे विझली ते मनात पक्कं करायचं आणि लाल टॉर्चच्या उजेडात नकाशावर रेघ मारायची. नकाशा साधा चालत नाही, ज्यावर उल्केची वाट सरळ रेघेत येते असा खास नकाशा लागतो. मग सगळ्या रेघा मागे वाढवायच्या आणि कुठे एकत्र येतात ते बघायचं. ऐकायला सोपं आहे, प्रत्यक्षात ती उल्का अर्ध्या सेकंदात संपलेली असते आणि सवय असलेल्या माणसाचीसुद्धा रेघ काही अंशांनी चुकते.

मी आणि माझा आतेभाऊ असे एका वर्षी मुळशीच्या पुढे एका माळावर बसलो होतो. नऊ उल्का दिसल्या, नऊ रेघा मारल्या, सकाळी चहा पिता पिता पट्टी लावून मागे वाढवल्या तर त्यातल्या पाच रेघा वासुकीच्या डोक्याजवळ एका छोट्या जागेत येत होत्या. आम्हाला काय आनंद झाला म्हणून सांगू. यादीत तिथे त्या रात्रीला काहीच नव्हतं! आमच्या ग्रुपमधले एक वयस्कर काका, ज्यांनी आम्हाला हे सगळं शिकवलं, त्यांनी कागद नीट बघितला, काही बोलले नाहीत, दुसरा कोरा नकाशा काढून म्हणाले यावर डोळे मिटून नऊ रेघा मार आणि वाढव. मारल्या. चार रेघा एका जागी आल्या. नऊ रेघा म्हटल्या की दोन-दोनच्या जोड्या छत्तीस होतात, एवढ्या छेदनबिंदूंमध्ये कुठेतरी गर्दी होणारच. मग त्यांनी विचारलं की तुमच्या पाचातल्या हळू किती आणि वेगाने किती. दोन चांगल्या रेंगाळत गेलेल्या, तीन सपकन गेलेल्या, आणि रेंगाळलेल्या दोन्ही रेडियंटपासून लांब होत्या जिथे त्या जास्त जोरात जायला हव्यात. म्हणजे एका घरातल्या नाहीतच. तो कागद मी अजून जपून ठेवलाय, आणि कुणी नवा रेडियंट सापडला म्हणालं की मी आधी वेग विचारतो.

ही चूक आमच्यासारख्यांचीच नाही. विल्यम डेनिंग, इंग्लंडात ब्रिस्टलचा, पोटासाठी हिशोबनीस आणि रात्री निरीक्षक, त्याच्याइतक्या उल्का त्या काळी क्वचितच कुणी पाहिल्या असतील. १८९९ ला त्याने रेडियंटची जी यादी छापली त्यात चार हजारांच्या वर नोंदी होत्या. त्याचं म्हणणं होतं की काही रेडियंट महिनोन् महिने एकाच जागी राहतात. पण पृथ्वी पुढे सरकते तसा रेडियंटही दिवसाला साधारण एक अंश सरकायला हवा, जागेवर बसून राहणं शक्यच नाही. अमेरिकन मेटिऑर सोसायटी काढणारे चार्ल्स ऑलिव्हिये यांनी हे लावून धरलं आणि कडक नियम घातला की वेगवेगळ्या रात्रींच्या रेघा एकत्र करून रेडियंट काढायचा नाही, एकाच रात्रीत किमान चार उल्का एका जागेतून यायला हव्यात. डेनिंगबद्दल माझ्या मनात आदरच आहे. त्याच माणसाने १९१६ च्या जूनमध्ये पॉन्स-विनेके धूमकेतूच्या उल्का ओळखल्या होत्या. पण जास्त बघणं आणि बरोबर जोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता परत मूळ प्रकरणाकडे. १९२५ आणि १९३५, दोन्ही वेळा तोच आठवडा, दोन्ही वेळा थोडाच वेळ आणि दोन्ही वेळा एकट्यादुकट्याने पाहिलेलं. रेडियंटची जागा साधारण शृंगाश्व, म्हणजे मोनोसेरोस, तारकासमूहाच्या भागात, व्याध आणि प्रश्वा या ताऱ्यांच्या मधे तो अंधारा पट्टा आहे ना, तिकडे. म्हणून नाव पडलं अल्फा मोनोसेरोटिड्स. दहा वर्षांचं अंतर बघून साहजिक वाटलं की दर दहा वर्षांनी येत असणार. पण पुढचं आठवा, १९४५, १९५५, १९६५, १९७५, एकदाही तसं काही नोंदलं गेलं नाही. स्लोव्हाक खगोलशास्त्रज्ञ क्रेसाक यांनी १९५८ ला हे सगळं परत तपासलं, १९४३-४४ च्या व्हान गेंट-पेल्टियर-डायमाका धूमकेतूशी नातं असेल का तेही पाहिलं, पण ते पुढे टिकलं नाही. दहा वर्षांचं चक्र म्हणावं तर मधली चार वर्षं गायब. आणि मग १९८५ ला २१ नोव्हेंबरच्या पहाटे कॅलिफोर्नियातल्या निरीक्षकांना परत काही मिनिटं उल्कांची सर दिसली!

२०, २१, २२ या तारखा अशा हलतात कशा, हा प्रश्न मला पहिल्यांदा वाचताना पडला होता. उत्तर आपल्या कॅलेंडरात आहे. पृथ्वी सूर्याभोवतीच्या त्याच जागी परत यायला ३६५ दिवस आणि वर साधारण सव्वासहा तास घेते, त्यामुळे तीच जागा दर वर्षी घड्याळात सहा तास पुढे जाते आणि लीप वर्षाला दणकन मागे येते. उलटं करून बघा. पुढे सांगणारच आहे की १९९५ ला हा वर्षाव २२ नोव्हेंबरला ग्रीनिचच्या रात्री दीड वाजता झाला. तिथून दहा वर्षं मागे गेलं की साधारण साडेतेरा तास मागे यावं लागतं, म्हणजे १९८५ च्या २१ नोव्हेंबरला ग्रीनिचला भर दुपारी बारा, आणि त्या वेळी कॅलिफोर्नियात पहाटेचे चार. दिसलंही पहाटेच! हा हिशोब मी वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने केला होता, जमल्यावर अंगावर काटा आला होता.

पण मधली चार वर्षं कुठे गेली, याचं उत्तर पीटर येनिस्केन्स या मूळच्या डच शास्त्रज्ञाने दिलं आणि मला तोच या प्रकरणाचा सगळ्यात सुंदर भाग वाटतो. त्याचं म्हणणं असं की ही धूळ एका खूप लांबून येणाऱ्या धूमकेतूची आहे, ज्याला एक फेरी मारायला शेकडो-हजारो वर्षं लागतात, त्यामुळे धूमकेतू आज कुठे आहे याचा वर्षावाच्या वेळापत्रकाशी काही संबंध नाही. त्याने सोडलेली धूळ बारीक दोरीसारखी लांबलचक पसरलेली आहे आणि ती सतत आपल्या बाजूने वाहतेच आहे. प्रश्न एवढाच की ती दोरी पृथ्वीच्या वाटेवर बरोबर पडते की आत-बाहेर राहते. गुरू आणि शनी हे दोघे इतके जड की त्यांच्यामुळे सूर्यसुद्धा जागेवरून डोलतो, कधी कधी स्वतःच्या त्रिज्येहून जास्त सरकतो, आणि त्यांच्याच ओढीने ही धुळीची दोरीही इकडेतिकडे होते. गुरू-शनी विशिष्ट ठिकाणी आले की दोरी पृथ्वीच्या रस्त्यात येते, नाहीतर नाही. म्हणून नुसता दहाने भागाकार करून उपयोग नाही, गुरू-शनी कुठे होते ते बघायला हवं.

आता १९२५ आणि १९८५ यांच्यात किती अंतर? साठ. १९३५ आणि १९९५? साठ. हे आपल्याला ओळखीचं वाटायला हवं, कारण गुढीपाडव्याला पंचांगात जे संवत्सराचं नाव वाचतो ते चक्र साठचंच आहे आणि त्याच्या मुळाशी गुरूच आहे. गुरूच्या पाच फेऱ्या म्हणजे साधारण ५९.३ वर्षं, शनीच्या दोन म्हणजे ५८.९, साठ वर्षांनी दोघंही जवळपास त्याच जागी. मी पंचांगाशी लावून बघितलं तर १९२५ आणि १९८५ चा नोव्हेंबर दोन्ही क्रोधन संवत्सरात येतात, १९३५ आणि १९९५ चा दोन्ही युवा संवत्सरात. नावामुळे उल्का पडतात असा अर्थ कुणी काढू नका प्लीज, तसं काही नाही. पण ज्यांनी हे चक्र बसवलं ते गुरूकडेच बघत होते, आणि त्याच गुरू-शनीच्या ओढीने ही धूळ हलते, हे मला फार आवडतं.

तर येनिस्केन्सने म्हटलं की १९९५ ला परत होईल, तयारीत रहा. डच मेटिऑर सोसायटीची माणसं, म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून उल्का बघणारी हौशी मंडळी, कॅमेरे घेऊन दक्षिण स्पेनला गेली. एका ठिकाणी बसली नाहीत, वेगवेगळ्या गावांत एकमेकांपासून लांब कॅमेरे लावले. हे फार महत्त्वाचं आहे. एकच उल्का दोन ठिकाणांहून फोटोत आली की मागच्या ताऱ्यांच्या मानाने ती थोडी सरकलेली दिसते, जसं आळीपाळीने एक डोळा मिटला की समोर धरलेलं बोट सरकतं, आणि त्यावरून उंची, दिशा, वेग आणि शेवटी सूर्याभोवतीची कक्षासुद्धा काढता येते. दोरी आणि पेन्सिलच्या रेघेत काही अंशांची चूक असते, इथे ती अंशाच्या छोट्या भागावर येते.

रात्रही चांगली होती. आपल्यातल्या पुष्कळ जणांना १९९५ ची २४ ऑक्टोबर आठवत असेल, दिवाळीतलं ते खग्रास सूर्यग्रहण, लोक मुद्दाम उत्तर भारतात जाऊन बघून आले होते. त्यानंतरची अमावस्या म्हणजे २२ नोव्हेंबर, कार्तिक अमावस्या. स्पेनात चंद्राचा त्रास शून्य. ग्रीनिचच्या वेळेने १ वाजून २९ मिनिटांनी, तिथल्या घड्याळात अडीचला एक मिनिट कमी, वर्षाव ऐन भरात आला. सर्वोच्च दर ताशी सव्वाचारशेच्या आसपास, पण हा दर टिकला फक्त पाच मिनिटं आणि सगळा खेळ अर्ध्या तासात खलास. ताशी सव्वाचारशे म्हणजे आदर्श आकाशात मिनिटाला सात. युरोपात इतर ठिकाणीही अनेकांनी पाहिला. पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर धावते, म्हणजे अर्ध्या तासात ५४ हजार किलोमीटर, पृथ्वीच्या व्यासाच्या चारपट फक्त. मधला दाट गाभा तर नऊ हजार किलोमीटरचाच, पृथ्वीहून लहान. एवढी बारीक दोरी आणि सूर्य स्वतः लाखो किलोमीटर डोलतो, मग ती एरवी चुकते यात नवल काय.

आपल्याकडे तेव्हा सकाळचे ७ वाजायला एक मिनिट कमी होतं. पुण्यात सूर्य नुकताच वर आलेला. म्हणजे साठ वर्षांपूर्वी खानांना जे दिसलं ते या वेळी आपल्या वाट्याला आलं नाही.

फोटोंवरून रेडियंट निघाला तो विषुवांश ११७.१ अंश आणि क्रांती अधिक ०.८ अंश, म्हणजे आकाशातले रेखांश-अक्षांशच. नकाशा उघडून ही जागा बघाल तर अल्फा मोनोसेरोटिस हा तारा तिथून दहा अंशांहून जास्त दक्षिणेला आहे आणि प्रश्वा जेमतेम पाच अंशांवर. रेडियंट चक्क लघुलुब्धकात, म्हणजे प्रश्वाच्याच तारकासमूहात आहे! नाव शृंगाश्वाचं आणि घर लघुलुब्धकात. एवढी वर्षं डोळ्याने मारलेल्या रेघांवरून जी जागा धरली होती ती इतकी सरकली. यासाठी मी कुणाला दोष देणार नाही, अंधारात पंधरा-वीस मिनिटांत अचानक शंभर उल्का कोसळत असताना मोजायचं की रेघा मारायच्या? ज्यांनी मोजलं त्यांनी योग्यच केलं. वेग सेकंदाला ६५ किलोमीटर निघाला, म्हणजे धूमकेतू खूप लांबचाच हेही पक्कं झालं. १९९७ ला अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नलमध्ये हे छापून आलं आणि त्यात एक गंभीर मुद्दा होता: धुळीची दोरी पृथ्वीच्या वाटेवर येते याचा अर्थ ती सोडणारा धूमकेतूसुद्धा कधीतरी त्याच वाटेवर येऊ शकतो. तो धूमकेतू अजून कुणी पाहिलेला नाही. एक अख्खा धूमकेतू आपल्याला फक्त त्याच्या धुळीवरून माहीत आहे.

२०१९ ला परत हवा झाली. येनिस्केन्स आणि फिनलंडचे एस्को लिट्टिनेन यांनी २२ नोव्हेंबरला ग्रीनिचच्या ४:५० चं भाकीत केलं होतं, पुन्हा शेकड्यांत दर अपेक्षित होता. आपल्याकडे तेव्हा सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं, म्हणजे आपल्यासाठी नाहीच. जगभर लोक जागले आणि वर्षाव आला तो बराच हलका. काही पेपरांनी लगेच अंदाज फसला म्हणून छापलं. मला ते पटत नाही. वेळ जवळपास बरोबर आली होती, दर कमी आला, म्हणजे दोरीच्या गाभ्यातून न जाता कडेने गेलो, आणि ही माहितीसुद्धा दोरीची जागा ठरवायला लागतेच. पुढचा मोठा वर्षाव २०४३ च्या आधी होईल असं कुणी धरत नाही.

आज नवीन रेडियंट शोधायची पद्धत पार बदलली आहे. २०१० पासून येनिस्केन्सनेच उभारलेलं कॅम्स हे कॅमेऱ्यांचं जाळं आहे, ग्लोबल मेटिऑर नेटवर्क आहे ज्यात लोक घराच्या गच्चीवर रास्पबेरी पाय नावाचा चिमुकला कॉम्प्युटर जोडलेला छोटा कॅमेरा लावतात आणि रात्रभर झोपतात. हजारो कक्षा जमा होतात, मग कॉम्प्युटर गठ्ठे शोधतो, आणि आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या यादीत त्याला आधी कच्चा नंबर मिळतो, पुरेसा पुरावा झाला की पक्का. अल्फा मोनोसेरोटिड्सचा नंबर २४६. पण माळावरच्या नऊ रेघांचा प्रश्न इथेही आहेच, लाखो उल्का असल्या की योगायोगाने जमलेले गठ्ठेही भरपूर सापडतात, म्हणून यादीत घातलेली बरीच नावं पुढे काढूनही टाकावी लागली.

आणि त्या चार गायब वर्षांबद्दल एक गोष्ट मला कायम टोचते. १९४५ ते १९७५ मध्ये काही झालं नाही असं आपण म्हणतो ते कशाच्या जोरावर? गुरू-शनीचा हिशोब तसं सांगतो हे ठीक. पण कुणी त्या रात्री आकाशाखाली बसून, इतके वाजल्यापासून इतके वाजेपर्यंत बघितलं आणि काही दिसलं नाही, असं लिहून ठेवलं असतं तर तोही तितकाच भक्कम पुरावा झाला असता. शून्य लिहायचं कुणाला सुचत नाही. आपल्या घरात कुणा आजोबांची, मामांची आकाशनिरीक्षणाची जुनी वही असेल आणि त्यात २०, २१ किंवा २२ नोव्हेंबरचं पान असेल तर ते नक्की बघा, नुसतं ढगाळ असं लिहिलेलं असलं तरी त्याचा उपयोग आहे.

मी आता दर वर्षी लिओनिड्सनंतर सतरंजी आवरत नाही. रेडियंट आपल्याकडे रात्री सव्वादहाच्या सुमारास उगवतो आणि पहाटे सव्वाचारच्या सुमारास सगळ्यात वर असतो, त्यामुळे तीनला उठलं तरी चालतं. गेल्या खेपेची नोंद अशी आहे: २२ नोव्हेंबर, पहाटे ३:१० ते ४:४०, आकाश स्वच्छ, उत्तरेकडे थोडा उजेड, मृगातला सगळ्यात अंधुक दिसलेला तारा साडेपाच प्रतीचा, एकूण उल्का ११, प्रश्वाच्या बाजूने येणारी १, वेगवान, रेघ नकाशावर मारली आहे.